'पर्यावरणपूरक' म्हणजे कशाच्या तुलनेत? शाश्वततेवरचं संशोधन पारखताना

७,००० गुणिले ६० म्हणजे ४,२०,०००. २०२४ साली 'केमोस्फिअर' या आंतरराष्ट्रीय जर्नलमधल्या एका पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, हा गुणाकार ४२,००० असा छापला गेला, आणि त्यावरून 'काळ्या प्लॅस्टिकचे उलथणे आजच फेकून द्या' अशा बातम्या जगभर झाल्या.

पेपराचा विषय महत्त्वाचा होता. जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरची खोकी वितळवून त्याच प्लॅस्टिकच्या नव्या वस्तू बनतात. मूळ प्लॅस्टिकला आग लागू नये म्हणून घातलेली ब्रोमीनयुक्त रसायनं त्या वस्तूंबरोबर घरात येतात. हे दाखवण्यासाठी संशोधकांनी काळ्या प्लॅस्टिकच्या २०३ वस्तू तपासल्या. डेकाबीडीई नावाचं रसायन उलथणे-डावांमधून रोज ३४,७०० नॅनोग्रॅम पोटात जाऊ शकतं, असा त्यांचा अंदाज निघाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ७,००० नॅनोग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसासाठी ती ४,२०,००० होते. पेपरात ४२,००० लिहिल्यामुळे माणूस मर्यादेच्या ८० टक्क्यांपुढे पोचलेला दिसला. खरा आकडा ८ टक्क्यांच्या आसपास होता. मॅकगिल विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ जो श्वार्झ यांनी चूक दाखवून दिली आणि डिसेंबरमध्ये दुरुस्ती छापली गेली. एकूण निष्कर्ष बदलत नाही, असं लेखकांचं म्हणणं पडलं. 'रसायनं सापडली' एवढाच निष्कर्ष धरला तर ते बरोबरच आहे. पण बातम्या 'सापडली' म्हणून झाल्या नव्हत्या. 'मर्यादेपाशी पोचली' म्हणून झाल्या होत्या.

गुणाकाराची चूक निदान सापडते तरी. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला कोणीही ती पकडू शकतो. शाश्वततेवरच्या संशोधनात खरी गोम वेगळीच असते. सगळे हिशेब बरोबर, तक्ते चोख, समीक्षकांची मान्यता मिळालेली, आणि तरीही निष्कर्ष प्रत्यक्षात टिकत नाही.

याचं कारण विषयाच्या स्वभावातच आहे. ताप थर्मामीटरने मोजता येतो. शाश्वतता मोजायचं असं एकच यंत्र नाही. या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक दावा तुलनेचा असतो: ही पिशवी त्या पिशवीपेक्षा बरी, ही चूल त्या चुलीपेक्षा कमी धूर करते, ही झाडं लावल्यामुळे इतका कार्बन शोषला गेला. तुलनेची एक बाजू डोळ्यांसमोर असते, मोजता येते. दुसरी बाजू म्हणजे 'हे केलं नसतं तर काय झालं असतं', आणि ती कुठेच दिसत नाही. ती संशोधकाला गृहीत धरावी लागते. संशोधनाचा दर्जा बहुतांशी या न दिसणाऱ्या बाजूवर ठरतो, आणि पेपर वाचताना सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडेच जातं.

शिवाय हा विषय रसायनशास्त्र, शेती, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र अशा अनेक घरांत वाटलेला आहे. पेपर तपासायला दोन-तीन समीक्षक असतात. रसायनशास्त्राचा माणूस रसायनं बारकाईने बघतो आणि लोक किती वेळा उलथणं वापरतात हे गृहीतक वाचून पुढे जातो. अर्थतज्ज्ञ उलटं करतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि मधली फट तशीच राहते.

पिशवी: आकडा कुठून येतो

'सेंद्रिय सुताची पिशवी २०,००० वेळा वापरली तरच ती प्लॅस्टिकपेक्षा बरी' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. ते काल्पनिक नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यासाठी तिथल्या तंत्र विद्यापीठाने २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासातून ते आलं आहे. अभ्यासाची पद्धत होती जीवनचक्र विश्लेषण, म्हणजे एलसीए. एखादी वस्तू कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत काय-काय खाते आणि काय-काय बाहेर सोडते, याचा पूर्ण जमाखर्च.

आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे (आयएसओ १४०४० आणि १४०४४) एलसीए चार टप्प्यांत होते: काय मोजायचं आणि हद्द कुठे आखायची हे ठरवणं, साहित्य-ऊर्जेच्या नोंदी गोळा करणं, त्यांचे परिणाम काढणं, आणि त्यांचा अर्थ लावणं. दोन वस्तूंची तुलना जाहीरपणे मांडायची असेल तर तटस्थ तज्ज्ञमंडळाकडून परीक्षण करून घेणं हे मानक बंधनकारक करतं. पहिल्याच टप्प्यात एक गोष्ट ठरते जिला 'कार्यात्मक एकक' म्हणतात. वस्तू नव्हे, तर वस्तूने करायचं काम. डॅनिश अभ्यासात ते काम असं होतं: सुपरमार्केटमधून घरी एकदा सामान नेणं, २२ लिटर आकारमानाचं आणि १२ किलो वजनाचं.

आता बघा काय झालं. तपासलेली सेंद्रिय सुताची पिशवी २२ लिटरपेक्षा जराशी लहान होती. नियम असा की सामान मावलं नाही तर दुसरी पिशवी धरायची. म्हणून दर खेपेला दोन पिशव्या मोजल्या गेल्या आणि भार एका झटक्यात दुप्पट झाला. त्यावर सेंद्रिय कापसाचं एकरी उत्पन्न कमी धरलेलं होतं, म्हणून त्याच्या वाट्याला पाणी आणि जमीन जास्त आली. आणि २०,००० हा आकडा हवामानबदलाचा नाहीच. अभ्यासाने अनेक परिणाम वेगवेगळे मोजले आणि त्यांतला जो सगळ्यात वाईट निघाला, तो धरून हा आकडा दिला. तो परिणाम होता ओझोन थराचा ऱ्हास. फक्त हवामानबदल बघितला तर सेंद्रिय सुती पिशवीसाठी आकडा १४९ वेळा आणि साध्या सुती पिशवीसाठी ५२ वेळा असा आहे. ५२ वेळा म्हणजे आठवड्याला एक बाजार धरला तर एक वर्ष.

त्याआधी २०११ मध्ये ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने असाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिथे सुती पिशवीला १३१ वेळा हा आकडा मिळाला. पण पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून वापरल्या जातात असं धरलं की तोच आकडा १७३ झाला. पिशवी तीच, कापूसही तोच. प्लॅस्टिकच्या पिशवीचं घरी गेल्यावर काय होतं एवढंच बदललं.

या अभ्यासांना खोटं म्हणणं चुकीचं ठरेल. दोन्ही अहवालांनी आपली गृहीतकं स्वच्छ लिहिली आहेत, आणि ती लिहिली म्हणूनच आपण इथे त्यांची चर्चा करू शकतो. अडचण होते ती आकडा अहवालातून उचलून दुसऱ्या देशात नेताना. डॅनिश अभ्यासाने रस्त्यावर-नाल्यात पडणाऱ्या कचऱ्याचा परिणाम हिशेबात घेतला नाही, कारण तिथे पिशव्या बहुतेक करून भट्टीत जातात. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा चर्चा होती ती तुंबलेल्या गटारांची, गुरांच्या पोटात सापडणाऱ्या पिशव्यांची. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुराची आठवण त्यामागे होती. म्हणजे आपल्याकडे ज्या कारणासाठी बंदी आली, नेमकं तेच कारण त्या अभ्यासाच्या हद्दीबाहेर होतं. विदर्भातला कापूसही बहुतांश कोरडवाहू आहे. ओलिताच्या कापसावरून काढलेला पाण्याचा आकडा त्याला लागू करता येत नाही. आणि जुन्या साडीची किंवा चादरीची शिवलेली पिशवी असेल, तर कापूस पिकवण्याचा भार साडीच्या खात्यावर टाकायचा की पिशवीच्या, हा नियम आधी ठरवावा लागतो. तो साडीच्या खात्यावर टाकला तर पिशवीच्या वाट्याला जवळजवळ फक्त दोरा आणि शिलाई उरते.

चूल: प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर

सुधारित चुलीवरचं संशोधन हा या क्षेत्रातला सगळ्यात बोलका धडा आहे, असं आमचं मत आहे. प्रयोगशाळेत चूल तपासायची रूढ पद्धत म्हणजे भांड्यात ठरावीक पाणी घेऊन ते उकळायला किती लाकूड लागतं आणि किती धूर होतो हे मोजणं. लाकूड कोरडं, सारख्या आकाराचं कापलेलं; चूल नवी; जाळ घालणारा प्रशिक्षित. स्वयंपाकघरात लाकूड ओलं असतं, मधेच तुऱ्हाट्या आणि गोवऱ्या घातल्या जातात, भाकरीला एक आच लागते आणि डाळीला दुसरी. धुराड्यात काजळी साचते. चुलीचं तोंड लहान वाटलं तर घरची बाई ते फोडून मोठं करते, कारण तिला मोठं लाकूड घालायचं असतं. त्या क्षणी प्रयोगशाळेतला आकडा संपला.

रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी ओडिशातल्या गावांत सुमारे २,६०० घरांचा अभ्यास केला. धुराडं असलेल्या सुधारित मातीच्या चुली कोणाला आधी मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे चूल मिळालेली आणि न मिळालेली घरं बाकी सगळ्या बाबतींत सारखी राहिली. न दिसणारी बाजू दिसती करण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग. आणि त्यांनी चार वर्षांपर्यंत त्या घरांचा पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या श्वासातला धूर कमी झालेला दिसला. पुढे तो फायदा विरला. फुप्फुसांच्या तब्येतीत फरक नाही, सरपणाच्या खर्चातही नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, डागडुजी झाली नाही, आणि वापर वर्षागणिक घटत गेला. हाच अभ्यास बारा महिन्यांत गुंडाळला असता तर योजना यशस्वी ठरली असती. म्हणून कुठल्याही पेपरात 'किती काळ बघितलं' हा आकडा सर्वांत आधी शोधावा.

हीच चूल पुढे कार्बन क्रेडिटच्या बाजारात आली. सुधारित चुलीमुळे कमी लाकूड जळतं, म्हणून वाचलेला कार्बन विकायचा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त अशा प्रकल्पांची छाननी प्रसिद्ध केली. तपासलेल्या प्रकल्पांनी मिळून प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे ९ पट क्रेडिट घेतल्याचं त्यांच्या हिशेबात निघालं. हे ९ पट एका मोठ्या लबाडीतून येत नाहीत. चूल किती घरांत वापरली जाते हे थोडं जास्त धरलं जातं. नवी चूल आली की जुनी बंद झाली असं मानलं जातं. प्रत्यक्षात गॅस, नवी चूल आणि अंगणातली तीन दगडांची चूल तिन्ही एकाच घरात चालू असतात, आणि आंघोळीचं पाणी बहुधा दगडांच्याच चुलीवर तापतं. आधी किती लाकूड जळत होतं हे वाढवून धरलं जातं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: तोडलेल्या लाकडापैकी किती पुन्हा वाढत नाही, याचा वाटा. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या तोडल्या तर त्या परत फुटतात. त्या जाळण्याने हवेत गेलेला कार्बन पुढच्या वाढीत परत झाडात येतो. तो वाटा उदारपणे धरला की वाचवलेला कार्बन कागदावर फुगतो. प्रत्येक पायरीवर आकडा दीडपट-दुप्पट झाला तरी चार पायऱ्यांत तो नऊपट व्हायला वेळ लागत नाही, कारण या चुका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतात.

मोजणीचाही प्रश्न असतो. घरोघर लाकूड तोलायला माणसं सलग काही दिवस येतात. रोज सकाळी काटा घेऊन कोणी दारात उभं राहिलं की घरातले लोक नवीच चूल पेटवतात. म्हणून चांगले अभ्यास चुलीला छोटा तापमाननोंदक लावून महिनोन्महिने नोंदी घेतात. पेपरात वापर 'विचारून' नोंदवला आहे की यंत्राने, हे पद्धतीच्या भागात दोन ओळींत लिहिलेलं असतं. त्या दोन ओळी शोधाव्यात.

झाडं आणि 'पडीक' जमीन

जुलै २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या गटाचा पेपर आला: जगात आणखी ९० कोटी हेक्टरवर झाडांचं आच्छादन वाढवायला जागा आहे आणि ती झाडं २०५ अब्ज टन कार्बन साठवू शकतील. हवामानबदलावरचा आजवरचा सर्वांत प्रभावी उपाय, अशी त्याची मांडणी होती. काही महिन्यांतच त्याच जर्नलमध्ये अनेक गटांचे आक्षेप छापले गेले. एका मोठ्या गटाच्या मते अंदाज सुमारे पाचपट फुगलेला होता. गवताळ प्रदेशांच्या मातीत आधीपासून असलेला कार्बन नीट धरला नाही, सवाना आणि माळरानं 'झाडांसाठी मोकळी जागा' मानली गेली, असे ते आक्षेप. पुढे लेखकांनी 'सर्वांत प्रभावी' या दाव्याची भाषा दुरुस्त केली.

हा वाद आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्राने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य ठेवलं होतं. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग इथली माळरानं सरकारी नकाशांत अनेकदा 'पडीक' म्हणून नोंदलेली असतात. तिथे लांडगा, चिंकारा, खोकड आहेत, धनगरांची मेंढरं आहेत, नान्नजचं माळढोक अभयारण्य त्याच पट्ट्यात आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ मध्ये उपग्रहचित्रांवरून देशातल्या अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांचं क्षेत्र ३ लाख चौरस किलोमीटरांहून जास्त निघालं. एखाद्या पेपरात 'पडीक जमिनीवर वृक्षलागवड' असं वाचलं की ती जमीन पडीक कोणी ठरवली, कधी, कशावरून, हे विचारल्याशिवाय पुढचा कार्बनचा तक्ता वाचण्यात अर्थ नाही.

लागवडीचं यश मोजण्यातही असंच असतं. 'रोपं जगण्याचं प्रमाण ८५ टक्के' या वाक्याला चार प्रश्न जोडावे लागतात. किती उन्हाळ्यांनंतर मोजलं? मोजणारा आणि लावणारा एकच होता का? मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून तीही मोजली का? आणि मोजणीसाठी जागा चिठ्ठीने निवडल्या की रस्त्याकडेच्या? हिमाचल प्रदेशातल्या कांगडा जिल्ह्यात एका गटाने रोपं मोजण्याऐवजी वेगळा मार्ग धरला. अनेक दशकांच्या सरकारी लागवडीच्या जागा घेतल्या आणि जुन्या उपग्रहचित्रांवरून लागवडीआधीच्या आणि नंतरच्या वनाच्छादनाची तुलना केली. २०२१ मध्ये आलेला निष्कर्ष असा की लागवडीमुळे सरासरी वनाच्छादन वाढलेलं दिसत नाही, आणि गावकऱ्यांना चारा-सरपणासाठी हव्या असलेल्या रुंदपर्णी झाडांचा वाटा उलट थोडा घटला. मोठा खर्च झालेल्या कामाबद्दल असं लिहायला धैर्य लागतं. अशा पेपरांची आपल्याला फार गरज आहे.

ठिबकने पाणी वाचतं का?

हा प्रश्न शेतकऱ्याला विचारला तर उत्तर 'हो', आणि ते खरं आहे. खोऱ्याला विचारला तर उत्तर बदलू शकतं. २०१८ मध्ये क्विंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हीच विसंगती मांडली: सिंचनाची कार्यक्षमता वाढल्याने एकूण पाणीवापर घटलेला क्वचितच दिसतो.

यामागची यंत्रणा सोपी आहे. पाटाने पाणी देताना बरंच पाणी मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरीला जाऊन मिळतं. ठिबकने ते मुरणं थांबतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते वाचलेलं पाणी असतं, म्हणून तो आणखी दोन एकर भिजवतो किंवा ज्वारीच्या जागी डाळिंब, केळी, ऊस घेतो. पिकातून हवेत उडून जाणारं पाणी वाढतं आणि खालची विहीर उन्हाळ्यात लवकर आटते. म्हणून पाण्यावरच्या पेपरात तीन गोष्टी वेगळ्या मोजलेल्या हव्यात: उपसलेलं पाणी, पिकाने वापरून उडवलेलं पाणी, आणि परत मुरलेलं पाणी. बहुतेक अभ्यास प्रायोगिक प्लॉटवर फक्त पहिली गोष्ट मोजतात आणि 'पाणीबचत' म्हणून लिहितात. प्लॉटचं क्षेत्र वाढत नाही, शेतकऱ्याचं वाढतं.

शेततळ्यांचंही तेच. वाहून जाणारं पावसाचं पाणी साठवायला केलेलं तळं आणि प्लॅस्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने भरलेलं तळं दिसायला सारखं असतं. दुसऱ्या प्रकारात भूगर्भात उन्हापासून सुरक्षित असलेलं पाणी वर काढून उघड्यावर ठेवलं जातं. तळ्यांची संख्या मोजणाऱ्या अभ्यासाला हा फरक दिसतच नाही.

जर्नलचं नाव किती धरावं?

थोडंच. २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य यादीत आलेली जर्नल्स तपासून 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. तपासलेल्या १,००९ जर्नल्सपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली. कुणाचा पत्ताच नाही, कुणी संपादकांची नावं देत नाही, कुणी खोटा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचे दाखले किती दिले जातात याचा आकडा) लावलेला. त्यानंतर आलेली दर्जेदार जर्नल्सची 'केअर' यादीही यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. बढतीसाठी पेपर मोजले गेले की पेपर तयार होतात. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढली, हे योग्यच झालं.

मोठ्या प्रकाशकांच्या नावावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. विली या कंपनीच्या हिंदावी शाखेने २०२३ मध्ये ८,००० हून अधिक पेपर मागे घेतले. त्यांतले बहुतेक पाहुण्या संपादकांच्या 'विशेषांकां'मधले होते. उलथण्यांचा पेपर छापणारं 'केमोस्फिअर' डिसेंबर २०२४ मध्ये वेब ऑफ सायन्स या जर्नल्सच्या आंतरराष्ट्रीय सूचीतून वगळलं गेलं. तरी उलटा निष्कर्षही काढू नये. साध्या जर्नलमध्ये, मोजक्या नमुन्यांवर, पण काय मोजलं हे स्पष्ट लिहिलेला पेपर मोठ्या जर्नलमधल्या ढोबळ अंदाजापेक्षा जास्त उपयोगी असू शकतो.

पेपर हातात आल्यावर

गोषवारा सर्वांत शेवटी वाचावा. तो लेखकांच्या आवडीचा आकडा सांगतो. आधी पद्धतीचा भाग उघडून तीन शब्द शोधावेत: कशाशी तुलना, कुठपर्यंत हद्द, किती काळ. ही तीन उत्तरं पाच मिनिटांत सापडली नाहीत तर पेपर बाजूला ठेवायला हरकत नाही.

मग मुख्य निष्कर्षाचा आकडा घेऊन तो मोजलेला आहे की काढलेला, हे बघावं. काढलेला असेल तर त्याच्या पायऱ्या कागदावर मांडून स्वतः एकदा गुणाकार करावा, एककांसकट. नॅनोग्रॅम, मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम यांच्या उड्यांमध्ये हजारपट चुका लपतात. त्यानंतर एकच आकडा दिला आहे की पल्ला, ते बघावं. 'माणूस आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं, म्हणजे ५ ग्रॅम प्लॅस्टिक खातो' हे वाक्य ज्या अभ्यासातून आलं त्यात पल्ला ०.१ ते ५ ग्रॅम असा होता. बातम्यांनी वरचं टोक उचललं. कणांचं सरासरी वजनच फार जास्त धरलं गेलं, असा आक्षेप त्यावर आला. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने काढलेला अंदाज आठवड्याला सुमारे ४ मायक्रोग्रॅम आहे. दोन्हींमध्ये दहा लाख पटींहून जास्त अंतर आहे, आणि आजही पोस्टरवर क्रेडिट कार्डच असतं.

आकड्याचं वयही बघावं. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीबद्दल स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१७ मध्ये दर किलोवॉट-तास क्षमतेमागे १५० ते २०० किलो कार्बन डायऑक्साइड असा अंदाज दिला. २०१९ मध्ये त्याच संस्थेने नव्या कारखान्यांची माहिती घेऊन तो ६१ ते १०६ वर आणला. पहिला अहवाल त्याच्या वेळी उपलब्ध माहितीवर उभा होता. पण २०२० नंतरच्या लेखात कोणी फक्त २०१७ चा आकडा देत असेल, तर लेखकाने शोध अर्धवट सोडला आहे किंवा त्याला तोच आकडा हवा आहे.

चांगलं काम ओळखायची एक खूण म्हणजे सरासरीबरोबर फैलाव दिलेला असतो. जोसेफ पूर आणि टोमास नेमेचेक या संशोधकांचा २०१८ चा अन्नावरचा अभ्यास ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर उभा आहे, आणि त्याचं मोठेपण मला वाटतं याच गोष्टीत आहे: एकच पदार्थ पिकवणाऱ्या दोन शेतांच्या भारात कित्येक पटींचा फरक असतो हे त्याने दाखवलं. 'दुधाचा कार्बन ठसा' असा एकच आकडा सांगणाऱ्याला हा फैलाव दाखवावा.

शेवटी पेपराच्या पानावर दुरुस्तीची नोंद आहे का, हे बघावं. बहुतेक जर्नल्सच्या पानावर क्रॉसमार्कचं बटण असतं. ते दाबलं की दुरुस्ती किंवा माघार कळते. 'पबपीअर'वर पेपराचं शीर्षक टाकलं तर इतर संशोधकांचे आक्षेप दिसतात. मागे घेतलेले पेपर 'रिट्रॅक्शन वॉच'च्या यादीत शोधता येतात. निधी कोणी दिला आणि डेटा मोकळा ठेवला आहे का, हेही पेपरातच बघून घ्यावं. 'मागितल्यास देऊ' असं लिहिलेला डेटा मागून बघितला तर बऱ्याचदा उत्तर येत नाही.

महाविद्यालयांत पर्यावरणाचे प्रकल्प दर वर्षी होतात आणि त्यांतले बरेचसे प्रश्नावलीवर संपतात. तेवढ्याच कष्टांत खूप चांगलं काम होऊ शकतं. समजा लागवडीचा अभ्यास करायचा आहे. गावातल्या सगळ्या लागवडीच्या जागांची यादी करून चिठ्ठीने पाच-सहा निवडाव्यात. प्रत्येकीला शेजारची, तशाच उताराची आणि मातीची, लागवड न झालेली एक जागा जोडावी. लागवडीच्या आठवड्यातच रोपांना क्रमांकाचे बिल्ले लावावेत, म्हणजे बदललेलं रोप कळतं. गवत आणि आपोआप आलेली झुडपं दोन्हीकडे मोजावीत. पुन्हा मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात करावी, पाऊस पडण्याआधी, कारण पावसानंतर सुकलेली रोपंही फुटल्यासारखी दिसतात. ही मोजणी दोन उन्हाळे करायची असेल तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावा आणि पुढच्या तुकडीकडे वही सोपवावी. मूळ तक्ता, मेलेल्या आणि हरवलेल्या रोपांच्या ओळींसकट, अहवालाला जोडावा.